तार कुणाच्या हातात?

मेस्त्रींच्या एकाही शर्टाला खिसा नव्हता. शिंप्याकडून आणलेला नवाकोरा शर्टसुद्धा ते आधी मांडीवर घेऊन ब्लेडने उसवायचे, छातीवरचा खिसा काढून त्याचं फडकं करायचे आणि मगच तो अंगात घालायचे. जुन्या शर्टांवर खिशाच्या जागचा चौकोन तेवढा मूळ रंगाचा राहिलेला असे. चष्मा, तंबाखूची पुडी, मोबाइल, सगळं एका कापडी पिशवीत आणि पिशवी शेडमधल्या खिळ्याला. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "खिशात टाकलं की माणूस निर्धास्त होतो, मास्तरीणबाय."

माझा धाकटा भाऊ नंदू आज दोन्ही डोळ्यांनी बघतो, आरशासमोर अर्धा तास भांग पाडतो, ते या माणसामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी मेस्त्रींची थोडीफार थट्टा करणार आहे आणि कुणाचा गैरसमज नको.

त्यांची शेड महाडच्या बाहेर, दासगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रा, पुढे मोकळं, नुसता सिमेंटचा बुटका उंबरा. मागच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा. घरात पोरांची उंची भिंतीवर मांडतात तशा एकीवर एक. सावित्रीचं पाणी शेडमध्ये शिरणं ही काही बातमी नव्हती. पाणी ओसरलं की मेस्त्री आधी गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात लांब बांबू घालून चारी कोपरे चाचपायचे. कशासाठी, तर मगर असेल म्हणून. आम्ही हसायचो. पण सावित्रीत मगरी आहेत हे महाडातलं शेंबडं पोरही जाणतं, त्यामुळे हसून झालं की आम्हीही दोन पावलं मागे सरायचो.

नव्या गाड्या ते घेत नसत. "तिच्यात कॉम्प्युटर बसलेला अस्तो. तो मला वळखत नाय," म्हणायचे. अँबेसेडर, जुन्या जीपा, कुणाच्या आजोबांनी हौसेने घेतलेली आणि नातवाने हौसेने सांभाळलेली एखादी गोल पाठीची गाडी, असला मेळा शेडमध्ये असायचा. आणखी एक अट होती. दुसऱ्या कुणाचा हात लागलेली गाडी घ्यायची नाही. गाडी दारात आली की पहिला प्रश्न, "कोनी हात लावलाय?" लावलाय म्हटलं की हात जोडून, "मग त्यालाच दाखवा." कितीही मोठा माणूस असो, मेस्त्री बधायचे नाहीत.

शेडमध्ये काडेपेटी आणायला बंदी. येणाऱ्याची काडेपेटी, लायटर काढून घेऊन बाहेरच्या दगडावर करवंटीखाली ठेवायचे. आत चहाचा स्टोव्ह नाही. चहा घरून थर्मासमधून यायचा आणि दुपारपर्यंत त्याला थर्मासचीच चव लागायची. देवाच्या तसबिरीला फूल रोज, पण दिवा नाही, उदबत्तीही नाही. "देवाला दिसतं अंधारात," हे त्यावरचं उत्तर. एमआयडीसीतल्या पाळ्यांचे लोक बसमधून येता-जाता शेडकडे बघून आपसांत काय काय बोलायचे. महाडात एखाद्याला दोनदा शिंक आली तरी तिसऱ्या आळीपर्यंत त्याला क्षय होतो. मेस्त्रींनी शेडमध्ये कुणाला तरी बांधून ठेवलंय, इथपर्यंत गोष्ट गेली होती.

या गोष्टीला कारण होतं, आणि ते मी स्वतः पाहिलेलं आहे.

मेस्त्रींची ख्याती होती ती गाडीचा दम बघण्याबद्दल. दम म्हणजे कंप्रेशन. इंजिनाचे चारही प्लग काढायचे, एकेका भोकावर मीटर दाबून धरायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर मारून इंजिन पाच-सहा वेळा फिरवायचं. आतला पिस्टन हवा किती जोराने दाबतो ते काटा सांगतो. चारही भोकांचे आकडे जवळजवळ असले तर इंजिन धडधाकट. एखादा पडला तर त्या खोलीत, म्हणजे सिलिंडरात, आजार. काम इतकं साधं की कुणीही करावं. पण प्लग काढलेल्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, आणि ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला जर करंट मिळत असेल तर प्लगच्या मोकळ्या लोंबणाऱ्या तारांच्या टोकांतून ठिणग्याही उडत राहतात. वाफ आणि ठिणगी वीतभर अंतरावर, आणि त्यावर वाकलेला माणसाचा चेहरा. म्हणून दम बघण्याआधी कॉइलला करंट आणणारी तार काढायची असते. शहाणे मेकॅनिक काढतात, टोकाला चिंधी गुंडाळतात, कामाला लागतात.

मेस्त्री एवढ्यावर भागवत नसत. चावीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "चावी नुस्ती सांगते," म्हणायचे, "तारंनं आयकलं का ते कोन बगनार?" ते कॉइलची बारीक तार दोन्ही टोकांनी सोडवून अख्खीच बाहेर काढायचे आणि गाडीच्या मालकाच्या हातात द्यायचे. वर चावीही द्यायची. मालकाने दहा पावलं दूर, त्या करवंटीच्या दगडापाशी उभं राहायचं, मूठ वर धरायची. मग मेस्त्री स्वतः इंजिनावर वाकायचे, उजव्या हाताने मीटर भोकावर दाबायचे आणि डावा हात स्टार्टरच्या डब्यावरच्या रबरी बटणावर ठेवायचे. आतून चावी फिरवायची गरजच नाही. ते बटण दाबलं की इंजिन फिरतं. त्या जागी, त्या भोकांवर, त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी उभं केलं नाही. आणि बटण दाबण्याआधी मोठ्याने विचारायचे,

"तार?"

मालकाने म्हणायचं, "हाय."

मी पहिल्यांदा वडिलांबरोबर गेले तेव्हा तार माझ्याकडे होती आणि मी सवयीने "आहे" म्हटलं. मेस्त्रींनी मान न वळवता सांगितलं, "आहे नको. हाय म्हन." मी मास्तरीण, मला कुणी असं दुरुस्त केलेलं नव्हतं. पण म्हटलं बाई, हाय.

आणि मग ते थांबले.

माझं उत्तर मिळालं होतं. तार माझ्या मुठीत होती, चावी माझ्याजवळ होती. तरी ते थांबले. मान किंचित डावीकडे, इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला कललेली. त्या बाजूला कुणी नव्हतं. मडगार्ड होतं आणि पलीकडे मागची भिंत. आपण हाक मारून आतल्या खोलीतून ओ यायची वाट बघतो, तेवढाच वेळ. मग त्यांनी मान हलवली, हलकेच, आपल्या माणसाला हलवतात तशी, आणि बटण दाबलं.

वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांची पद्धत आहे." माझे वडील तालुक्याच्या कचेरीत नोकरीला होते. पद्धत म्हटलं की त्यांची जिज्ञासा संपायची.

एका डॉक्टरांनी ही तार हसत बॅगेत टाकली आणि फोन आला म्हणून रस्त्याकडे गेले. तासाभराने परतले तर चारही प्लग पुन्हा बसवलेले आणि मेस्त्री भाकरी खात बसलेले. डॉक्टर भडकले. मेस्त्री म्हणाले, "तार न्हेलीत ती बरी न्हेलीत. पन हाय म्हनायला हितं कोन होता?" शिवथरकडचा एक जीपवाला मात्र उत्तर देऊन जो घाबरला तो तार तिथेच टाकून रस्त्यावर गेला. त्याचं म्हणणं, मेस्त्री मान हलवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ऐकल्याचं दिसतं. वाट बघणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ते मलाही दिसलं होतं. मी पोलादपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवते, भुताखेतांशी माझं कधी जमलेलं नाही, म्हणून मी ते कुणाजवळ बोलले नाही.

वडील गेले त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आमची अँबेसेडर बुडाली. ती महाडला नंदूच्या खोलीखाली उभी होती. नंदू एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर. रात्रपाळीहून सुटला तोवर पाणी बॉनेटवर चढलं होतं. मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. वडिलांची गाडी चिखलाने आतून लिंपलेली बघून मला जे झालं ते वडील गेले तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा माणसं होती, करायची कामं होती. इथे मी एकटी त्यांच्या सीटवरचा गाळ हाताने काढत होते आणि मोठमोठ्याने रडत होते.

नंदूला ते बघवलं नाही. तो म्हणाला, "ताई, आत्ता चालू करून दाखवतो." चावी लावायच्या जागेत गाळ गेला होता, चावी फिरेना. मग त्याने बॅटरीच्या केबलपासून कॉइलला थेट एक तार ओढली. डायरेक्ट, म्हणतात इकडे. पुरानंतर महाडात निम्म्या गाड्या अशाच चालू होतात. तार कॉइलच्या खालच्या अंगाने नेऊन नेहमीची तार लागते त्याच टोकाला लावली, वर काळी टेप गुंडाळली, इतकी की ती मूळच्या वायरिंगचाच भाग वाटावी. मोबाइलचा उजेड मी धरला होता. बॅटरीच बुडालेली, काहीच झालं नाही. तेवढ्यात एक टेम्पोवाला गाडी ओढून न्यायला तयार झाला, आम्ही दोर बांधला आणि मेस्त्रींची शेड गाठली.

मेस्त्रींनी दारातच विचारलं, "कोनी हात लावलाय?"

नंदू म्हणाला, "नाय, मेस्त्री."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. नाय.

का, ते सांगते. लावलाय म्हटलं असतं तर त्यांनी हात जोडले असते, आणि वडिलांची गाडी भंगारात गेली असती. मेलेल्या बॅटरीवर लावलेली एक फुकटची तार, तिच्यापायी कुठे एवढं, असं वाटलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला असं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

दहा-बारा दिवस त्यांनी गाडी धुतली, सुकवली, तेल बदललं, हँडल घालून इंजिन हाताने फिरवून आतलं पाणी बाहेर काढलं. याला ते 'वकवनं' म्हणायचे, म्हणजे ओकायला लावणं. मग निरोप आला, रविवारी दम बघायचा, या.

आम्ही दुपारी गेलो. ऊन पडलं होतं, रस्त्याकडेला लोकांनी गाद्या, वह्या, फोटो वाळत घातले होते. मेस्त्रींचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. गाळ काढताना घसरले होते, खांदा दुखावला होता. मीटर दाबून धरायला जोर लागतो, तो त्यांना होईना.

"मी धरतो की," नंदू म्हणाला.

"त्या जाग्यावर मी कोनाला उभा करीत नाय."

मग मी मध्ये पडले. गयावया केली म्हणा. वडिलांचं नाव काढलं. एकदाच, पाच मिनिटांचं काम, पोरगा कारखान्यात मशीन चालवतो, काय होणार आहे. मेस्त्री बराच वेळ नंदूच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी शेडमधली स्वतःची चार्ज केलेली बॅटरी डाव्या हाताने ओढत आणली आणि गाडीला जोडली.

मी ते बघत होते. नंदूही बघत होता. आमच्या दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

त्यांनी कॉइलची तार सोडवली, अख्खी बाहेर काढली, माझ्या हातात दिली, चावी दिली. मी दगडापाशी जाऊन मूठ वर धरली. चारही प्लग निघाले. नंदू इंजिनावर वाकला आणि पहिल्या भोकावर मीटर दाबून धरलं. त्याचा गाल भोकांपासून फार तर दीड वीत. मेस्त्रींनी डावा हात बटणावर ठेवला.

"तार?"

"हाय."

ते थांबले. मान कलली. मी सवयीने मनात मोजायला लागले, कारण हा थांबा किती असतो ते मला एव्हाना पाठ होतं. एक, दोन, तीन, चार. चारला मान हलायची.

हलली नाही.

रस्त्यावरून एमआयडीसीची बस गेली. तिचा आवाज येऊन विरला. वाळत घातलेल्या कुणाच्या तरी वहीची पानं फडफडत होती. मेस्त्री तसेच, बटणावर हात ठेवून. त्यांच्या तोंडावरचं ऐकणं बदलत गेलं. आधी वाट बघणं, मग न कळणं, मग, कसं सांगू, अंधारात जिना उतरताना पायाखाली पायरी लागत नाही तेव्हा माणसाचं होतं तसं.

"मेस्त्री, हात भरून आला," नंदू म्हणाला. "मारा की."

"बाजूला हो."

"आँ?"

"बाजूला हो, रे!"

एवढ्या मोठ्याने मेस्त्री कधी ओरडलेले मी ऐकलं नव्हतं. नंदू दोन ढांगांत माझ्याजवळ आला. मेस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याचा, करंट तपासायचा दोन तारांचा लहान बल्ब काढला, एक तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली आणि दुसरी कॉइलच्या टोकाला, जिथली तार माझ्या मुठीत होती तिथे.

बल्ब लागला.

भर दुपारच्या उजेडात तो फिकट पिवळा दिसत होता. चावी माझ्याजवळ. तार माझ्या मुठीत, घामाने ओली. आणि ती मेलेली गाडी जागी होती. मी घट्ट धरून ठेवलं होतं, पण मी काहीच धरलेलं नव्हतं.

"डायरेक्टची तार," नंदू म्हणाला. मेस्त्रींनी कॉइलखाली बोटं घालून काळ्या टेपमधली ती तार शोधली आणि उपटून काढली. बल्ब विझला. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. तार आमच्या पायांपाशी टाकली आणि उंबऱ्यावर बसले.

"मेस्त्री," मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनीच नाय सांगितलं," ते म्हणाले. "म्हनून तर थांबलो."

मग त्यांनी सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. बाहेर उन्हाकडे बघत, एका सुरात सांगितलं. त्यांना धाकटा भाऊ होता. दोघं मिळून ही शेड चालवायचे. असाच पूर येऊन गेलेला, बुडलेल्या गाड्यांची रांग लागलेली, दोघं सकाळपासून एकामागून एक गाड्या ओकवत होते. भोकांतून पाणीच पाणी उडत होतं. पाणी बघून बघून डोळ्यांना सवय झाली, आणि पाण्यावर पेट्रोल तरंगत येतं हे लक्षातून गेलं. तार कोण काढत बसणार, चावी काढली की झालं. चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांनी खिसा चाचपला होता. धाकटा भोकांवर वाकला होता. त्यांनी विचारलं, हाय का सगलं? तो म्हणाला, हाय. त्यांनी बटण दाबलं.

"चावीच्या जाग्यात गाळ होता," मेस्त्री म्हणाले. "चावी खिशात, पन आत गाळानं करंट चालू. त्याचा तोंड..." त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात फिरवला. "अकरा दिवस होता. बोलता येत नव्हता. डोळं नव्हतं. मी इचारायचो, हायस का रे? तर बोट हलवायचा."

नंदू रडायला लागला होता.

"त्यानंतर पहिल्यांदा दम बगायला घेतला," मेस्त्री म्हणाले, "मालकाला इचारला, तार? तो म्हनला हाय. आनि मागनं यानं म्हनला, हाय. हितनं." त्यांनी मडगार्डच्या पलीकडे बोट दाखवलं. "तवापासनं दरखेपी म्हन्तो. त्यानं म्हनल्याबिगर मी बटन दाबला नाय."

माझ्या वर्गातल्या पोरांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा शेवटी एक गोष्ट जोडते. करंट चालू राहिलेली कॉइल हळूहळू तापते. मेस्त्रींच्या हाताला ती ऊब कळली असेल, अनुभवी माणसाचा हात मनाच्या आधी जाणतो. पोरं वहीत लिहून घेतात. पण मेस्त्रींचा एक हात गळ्यात होता आणि दुसरा बटणावर, आणि कॉइल दोन्हींपासून लांब होती. हे मी पोरांना सांगत नाही.

त्या दिवशी थोड्या वेळाने ते उठले. बल्ब पुन्हा लावून बघितला. नाही लागला. "आता मीच धरतो," म्हणाले आणि गळ्यातला हात सोडवून त्या दुखऱ्या हाताने मीटर भोकावर दाबलं. कळ आली असणार, ओठ दाबलेले दिसले. मी दगडापाशी उभी राहिले, नंदू माझ्या शेजारी. आता सगळं ठीक होतं. हे मला ठाऊक होतं, नंदूला ठाऊक होतं, बल्बाने सांगितलं होतं.

"तार?"

"हाय."

चारच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं. सावली उंबऱ्यावरून सरकली. मीटर घसरलं, त्यांनी ते परत लावलं.

"तार?"

"हाय, मेस्त्री. हाय."

"तुजी हाय," ते म्हणाले. "तुजी आयकली मी."

शेवटी त्यांनी बटणावरचा हात काढला. "उद्या या." आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, नंदूने पाळी बदलून घेतली. तेच. बुधवारी गेलो. तेच. मधल्या काळात दुसऱ्या एका जीपचा दम बघायला घेतला आणि तशीच परत पाठवली, असं जीपवाल्याकडून कळलं. मेस्त्रींची दाढी वाढली होती. भाकरीचा डबा न उघडलेला खिळ्याला लटकत होता. मी विचारलं, का होतंय असं? बल्ब लागत नाही, तार माझ्या हातात आहे, आता काय राहिलं?

त्यांनी मला उत्तर दिलं ते रागाने नाही. मला ते रागाचं चाललं असतं.

"दोन मान्सं त्याच्या म्होरं खोटं बोल्ली, मास्तरीणबाय. मग तिसऱ्यानं कशाला बोलावा?"

इतकी वर्षं या माणसाने आपल्या भावाचा आवाज एका शब्दापुरता सांभाळून ठेवला होता. त्या शब्दासाठी ते शेड उघडत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा भाऊ धड राहिला आणि त्यांचा गेला. दुसऱ्यांदा गेला. मी माफी मागितली. माफी म्हणजे काय, शब्दच.

शुक्रवारी शेवटचे गेलो. मेस्त्रींनी पुन्हा प्लग काढले. बल्ब टेकवला, विझलेला. तार, चावी, दगड. ते वाकले, मीटर दाबलं, बटणावर हात ठेवला. खांद्याला बरं वाटत नव्हतंच.

"तार?"

"हाय," मी म्हटलं.

मान कलली. पलीकडे भिंतीवरच्या पाण्याच्या रेघा. एक, दोन, तीन. मला तिथे उभं राहवेना. त्यांच्या मानेवरच्या शिरा ताणल्या होत्या, ऐकण्याने. मला वाटलं, देवा, कुणीतरी बोला. चार.

"हाय," नंदू म्हणाला.

माझ्या शेजारून, हळू आवाजात म्हणाला. ठरवून नाही. त्याचा चेहरा बघितला तर त्याचा त्यालाच धक्का बसलेला.

मेस्त्रींनी सावकाश मान वळवली. नंदूकडे बघितलं. त्याचं कपाळ, डोळे, गाल, हनुवटी, असं एकेक करून बघितलं. बटणावरचा हात खाली आला.

"तू नको बोलू, रे," ते म्हणाले. "तू जिता हायस."

आणि मीटर बाजूला ठेवून त्यांनी चारही प्लग एकामागून एक परत बसवायला घेतले.